मेलेलं कॅरेक्टर परत यावं का?

संपादक महोदय,

पेपरात गेमबद्दल छापून येतं ते एकतर व्यसन नाहीतर पोराने बापाच्या खात्यातले पैसे उडवले एवढंच, म्हणून खेळाच्या आतल्या एका गोष्टीवर लिहितोय. काही गेममध्ये कॅरेक्टर एकदा मेलं की कायमचं गेलं, याला पर्माडेथ म्हणतात, १९८० च्या 'रोग' (Rogue) गेमपासून हे चालत आलंय. माझा भाऊ म्हणतो हा छळ आहे, दिवसभर राबून आलेल्या माणसाची महिन्याभराची मेहनत एका चुकीत का घालवायची. त्याचं म्हणणं कळतं, पण मला पटत नाही.

'एक्सकॉम एनिमी अननोन' (२०१२) या एलियनशी लढायच्या गेममध्ये सैनिकांना आपण नावं देऊ शकतो, मी हॉस्टेलच्या मित्रांची दिली होती. त्यातला आयर्नमॅन मोड चालू केला की एकच सेव्ह राहतो आणि तो गेमच करत जातो, मागे जायची सोय नाही. रात्री दीडला माझा पक्या, पहिल्या मिशनपासूनचा स्नायपर, मी घाईत भिंतीआडून बाहेर काढला आणि एलियनच्या एका शॉटमध्ये गेला. बराकीतल्या मेमोरियलवर त्याचं नाव लागलं. कॉम्प्युटर बंद करून मी तसाच बसून राहिलो, पण त्यानंतरची प्रत्येक चाल जीव मुठीत धरून खेळलो आणि शेवटचं मिशन जिंकलं तेव्हा खरंच डोळ्यात पाणी आलं.

तरी सगळ्यांवर हे लादू नये. 'फायर एम्ब्लेम' या गेममालिकेत कॅरेक्टर मेलं की कितीतरी लोक सरळ रीसेट मारायचे, म्हणजे भीतीही नाही आणि मजाही नाही, तोच डाव परत परत. २०१० च्या जपानी भागात कॅज्युअल मोड आला, त्यात पडलेला गडी पुढच्या लढाईला परत उभा राहतो. भाऊ तसंच खेळतो आणि खूश असतो. सुरुवातीलाच विचारलं की झालं.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका ऑनलाइन गेममध्ये तीन महिने हार्डकोर, म्हणजे मेलं की कायमचं जाणारं, कॅरेक्टर वाढवलं, ऐन लढाईत लाईट गेली, राउटर बंद, परत येऊन बघतो तर मेलेलं. सपोर्टला मेल केला तर उत्तर आलं की नियमात बसत नाही. पक्या माझ्या चुकीने गेला, ते मी मान्य केलं. इथे माझी काय चूक होती? नेट तुटलं तर कॅरेक्टर सुरक्षित बाहेर काढा, एवढं तरी हे गेम बनवणाऱ्यांनी करावं, आपल्याकडे लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही.

— एक वाचक, नाशिक