जुन्या युनिक्सवर बिल्ड केलेल्या पर्लची माहिती जपून ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांसाठी मध्यंतरी एक लेख आला होता, त्यात पायथन किंवा पर्ल (दोन्ही प्रोग्रामिंगच्या भाषा) मशीनवर घ्यायचं म्हणजे एक कमांड मारायची आणि कामाला लागायचं असं लिहिलेलं. लिनक्सवर ते अगदी खरं आहे आणि नवीन मुलांना तसंच सांगितलं पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण माझी सगळी नोकरी ज्या युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या मशीनवर गेली, आयबीएमचं एआयएक्स, एचपीचं एचपी-यूएक्स, सनचं आणि २०१० पासून ओरॅकलचं झालेलं सोलारिस, तिथे हे इतकं सोपं कधीच नव्हतं, आणि ही मशीनं अजून बरीच चालू आहेत. बँकांचे रात्रीचे हिशोब, फोनची बिलं, कारखान्यांचा स्टॉक, अशा कामांमागे ती आहेत आणि त्यांच्यावर क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आपोआप काम सुरू करणारा प्रोग्राम) रोज ज्या स्क्रिप्ट धावतात त्यातल्या कितीतरी पर्ल, टीसीएल नाहीतर पायथनमध्ये लिहिलेल्या आहेत. ती पर्ल किंवा पायथन तिथे कुणीतरी सोर्सपासून (मूळ कोडपासून) कंपाईल, म्हणजे बिल्ड, करून बसवलेली असते. तो माणूस रिटायर होतो किंवा दुसरीकडे जातो, आणि ती कशी बनवली होती हे कुठेच लिहिलेलं नसतं. ती माहिती जपून ठेवावी म्हणून हे पत्र आहे.

आधी एका नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर देतो, की सिस्टिमबरोबर पर्ल येतंच ना, मग वेगळं कशाला. येतं, पण ते कंपनीने स्वतःच्या टूल्ससाठी दिलेलं असतं. सोलारिस ८ मध्ये पर्ल ५.००५ होतं आणि त्याच वर्षी, २००० साली, बाहेर ५.६ आलेलं होतं, पुढे २००२ मध्ये ५.८ आलं, तरी ज्यांनी सोलारिस ८ सोडलं नाही ते सिस्टिमच्या पर्लवर तिथेच अडकले. मग कोणीतरी उत्साही माणूस यूएसआर-बिन या सिस्टिमच्या डिरेक्टरीतली लिंकच बदलून नव्या पर्लकडे वळवतो आणि सिस्टिमची स्वतःची टूल्स मोडतात, कारण त्यांना त्यांचे जुने मॉड्यूल (पर्लला जोडायचे तयार तुकडे) त्यांच्या जुन्या जागीच लागतात. म्हणून सिस्टिमच्या पर्लला हात लावायचा नाही, आपलं वेगळ्या डिरेक्टरीत बिल्ड करायचं आणि स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत आपला पाथ लिहायचा. हा नियम मी कळकळीने सांगतो.

आता बिल्ड करायचं तर पहिला अडथळा कंपायलरचा (मूळ कोडातून चालणारा प्रोग्राम बनवणारं टूल). एचपी-यूएक्सबरोबर जो सीसी (सी भाषेचा कंपायलर) यायचा तो कर्नल परत लिंक करण्यापुरताच होता, अ‍ॅन्सी सी (सी भाषेचं प्रमाणित रूप) त्याला समजत नाही, आजच्या पर्लसाठी तो कामाचा नाही, खरा कंपायलर वेगळा विकत घ्यावा लागायचा. सोलारिसवर सीसी टाईप केलं की कंपायलरचं पॅकेज बसवलेलंच नाही असा मेसेज यायचा, तो बघितलेली माणसं आपल्या वाचकांत नक्की असतील. एआयएक्सचा एक्सएलसी कंपायलर पण पैसे देऊनच. जीसीसी नावाचा कंपायलर आहे, फुकट आहे, चांगला आहे, पण त्याची एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते ती म्हणजे जीसीसी बसताना सिस्टिमच्या काही हेडर फाईलींच्या (सिस्टिमची फंक्शन कशी वापरायची हे कंपायलरला सांगणाऱ्या) दुरुस्त केलेल्या कॉप्या स्वतःजवळ ठेवतो, नंतर सिस्टिमला पॅच लागला की खरे हेडर बदलतात आणि जीसीसीजवळचे जुनेच राहतात, मग काल कंपाईल होणारा कोड आज होत नाही आणि माणूस दिवसभर पर्लच्या सोर्समध्ये चूक शोधत बसतो.

आणखी एक. पर्ल ज्या कंपायलरने बनतं त्याचं नाव, त्याचे सगळे फ्लॅग (त्याला दिलेले पर्याय) ते स्वतःच्या आत लिहून ठेवतं आणि नंतर सीपॅनवरून, म्हणजे पर्लच्या मॉड्यूलच्या ऑनलाइन साठ्यावरून, सी कोड असलेला कुठलाही मॉड्यूल घेतला की तेच फ्लॅग वापरायला जातं. सोलारिसबरोबर आलेलं पर्ल सनच्या कंपायलरने बनवलेलं, तुमच्याकडे फक्त जीसीसी, त्याला ते फ्लॅग कळत नाहीत, म्हणजे मॉड्यूल काही बनत नाही. डेटाबेसला जोडायचा साधा ड्रायव्हर बसवायला म्हणून लोकांना अख्खं पर्ल नव्याने बिल्ड करावं लागलेलं आहे ते यामुळे.

पर्लच्या बाजूने मात्र तयारी मोठी आहे आणि ते मोकळेपणाने सांगायला पाहिजे. लॅरी वॉलने १९८७ मध्ये पर्ल बाहेर काढलं तेव्हा प्रत्येक कंपनीचं युनिक्स आपल्या तऱ्हेचं होतं. पर्लचा कॉन्फिगर प्रोग्राम मशीनला एकेक गोष्ट विचारत जातो, हे फंक्शन आहे का, इंटिजर किती बाइटचा, बाइटचा क्रम कुठला, आणि त्या उत्तरांवरून आपली मांडणी ठरवतो. सोर्समध्ये हिंट्स नावाची डिरेक्टरी आहे तिथे एआयएक्स, एचपी-यूएक्स, सोलारिस प्रत्येकासाठी वेगळी फाईल आहे, शिवाय प्रत्येकाची वेगळी रीडमी, आणि कुठल्या व्हर्जनवर काय अडतं हे त्यात माणसांनी स्वतः भोगून लिहिलेलं आहे. ती रीडमी वाचल्याशिवाय कॉन्फिगर चालवू नये असं माझं ठाम मत आहे. लुआ या छोट्या भाषेचं तर अजून सोपं, तिच्या मेकफाईलमध्ये (बिल्डच्या सूचनांची फाईल) एआयएक्स आणि सोलारिस नावाचे टार्गेटच दिलेले आहेत, मेक एआयएक्स म्हटलं की झालं, कारण ती मुळात साध्या अ‍ॅन्सी सीमध्ये लिहिलेली आहे. पण लुआच्या पोटात फार लायब्ऱ्या नसतात, ज्या कामाला पर्ल लागतं तिथे पर्लच लागतं.

बिल्ड झालं म्हणजे संपलं असं पण नाही, खरे प्रश्न चालवताना येतात. एआयएक्सवर ३२ बिटचा प्रोसेस डीफॉल्टने २५६ एमबीच्या आसपास डेटा घेऊ शकतो, बस. मशीनमध्ये कितीही जीबी मेमरी मोकळी पडलेली असली तरी मोठी लॉग फाईल हॅशमध्ये (पर्लच्या मेमरीतल्या तक्त्यात) भरताना पर्ल आउट ऑफ मेमरी म्हणून मरतं आणि ॲडमिनला वाटतं स्क्रिप्टच वाईट लिहिलीय. उपाय आहे, मॅक्सडेटा ही मर्यादा वाढवून लिंक करायचं किंवा सरळ ६४ बिटमध्ये बिल्ड करायचं, पण ६४ बिट म्हटलं की प्रत्येक लायब्ररी ६४ बिटची लागते, आणि एआयएक्सवर शेअर्ड लायब्ररी डॉट ए आर्काइव्हच्या (अनेक फाईलींच्या एका गाठोड्याच्या) आत असते, एकाच आर्काइव्हमध्ये ३२ ची आणि ६४ ची अशा दोन्ही राहू शकतात, तिथे कुणी एकच ठेवली असेल तर लिंकर (तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं टूल) सिम्बॉल, म्हणजे हवं ते फंक्शन, सापडत नाही म्हणतो आणि आर्काइव्ह तर डोळ्यासमोर दिसत असतं. ३२ की ६४ हे सांगणारं ऑब्जेक्ट मोड व्हेरिएबल सेट करायचं विसरलं तरी हेच.

लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारा पाथ हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा विषय. सोलारिसवर एलडी लायब्ररी पाथ, एचपी-यूएक्सवर पीए-रिस्क या जुन्या प्रोसेसरच्या काळापासून एसएच-लिब पाथ, एआयएक्सवर लिबपाथ, तिघांची नावं वेगळी. टर्मिनलवर लॉगिन करून स्क्रिप्ट चालवली तर उत्तम चालते कारण प्रोफाईलमध्ये ते व्हेरिएबल सेट असतं, आणि रात्री क्रॉनमधून तीच स्क्रिप्ट लायब्ररी सापडत नाही म्हणून पडते कारण क्रॉन प्रोफाईल वाचतच नाही. यावरचा पक्का उपाय म्हणजे बिल्ड करतानाच पाथ प्रोग्रामच्या आत लिहायचा, लिंकरला सोलारिसवर मायनस कॅपिटल आर, एचपी-यूएक्सवर प्लस बी, एआयएक्सवर बीलिबपाथ. आणि एआयएक्सवर लायब्ररी बदलल्यावर स्लिबक्लीन चालवायचं, नाहीतर जुनी मेमरीत लोड झालेली राहते.

बिल्डनंतर मेक टेस्ट असते ती लोक घाईत सोडून देतात, याचा मला मनापासून राग येतो. हजारो बारीक तपासण्या असतात त्यात, मोठ्या फाईली, लोकेल, सॉकेट, आकड्यांची अचूकता, आणि त्या खास याच मशीनवर याच कंपायलरने बनलेल्या पर्लच्या असतात, दुसऱ्या कुणी दुसरीकडे केलेली टेस्ट इथे कामाची नाही. एखाददुसरी टेस्ट पडली तर ती का पडली ते रीडमीत बघायचं, कळलं नाही तर शोधायचं, आणि पूर्ण आउटपुट फाईलमध्ये ठेवायचं.

आता हे सगळं आजच का लिहितोय. एक कारण टीएलएस, नेटवर्कवरून डेटा सुरक्षित पाठवायची पद्धत. टीएलएस १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अधिकृतपणे बाद केले, टीएलएस १.२ ओपनएसएसएल या लायब्ररीमध्ये २०१२ च्या १.०.१ पासून आहे, आणि या मशीनवरची बरीच पर्ल त्याच्या आधीच्या ओपनएसएसएलला जोडलेली. समोरच्या संस्थेने जुना टीएलएस बंद केला की त्या रात्री फाईल जात नाही आणि सकाळी कुणातरी पोराला सांगतात की आजच्या आज नवीन बिल्ड कर, आणि जुनं कुठल्या कंपायलरने, कुठल्या पर्यायांनी, कुठल्या मॉड्यूलसकट केलं होतं हे त्याला सांगणारं कोणी नसतं. मी अशी पोरं बघितली आहेत, हुशार असतात, त्यांना दोष देणं चूक आहे.

दुसरं कारण म्हणजे स्थलांतर. ज्यावर एचपी-यूएक्स चालतं त्या इटॅनियम प्रोसेसरची शिपमेंट इंटेलने २०२१ मध्ये थांबवली, एचपी-यूएक्स ११आय व्ही३ चा नियमित सपोर्ट ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, म्हणजे लोक एक्स८६ च्या लिनक्सवर जाणारच. तिथे आकड्याचे बाइट मेमरीत ठेवायचा क्रम उलटा आहे. पर्लच्या पॅक फंक्शनमध्ये कॅपिटल एन वापरून लिहिलेला आकडा दोन्हीकडे सारखाच वाचता येतो, कॅपिटल एल वापरून लिहिलेला उलटा वाचला जातो आणि एरर पण येत नाही, नुसता चुकीचा आकडा येतो. डेटा फाईलमध्ये ठेवणाऱ्या स्टोरेबल मॉड्यूलने स्टोअर करून ठेवलेल्या फाईली निदान बाइट ऑर्डर जुळत नाही म्हणून थांबतात तरी, त्याच्याच एनस्टोअरने, म्हणजे ठराविक बाइट क्रमाने, लिहिलेल्या असत्या तर चालल्या असत्या. हे मशीन बंद करायच्या आधी शोधायला पाहिजे, जुनं मशीन हाताशी असताना, कारण त्या फाईली नीट वाचून परत लिहू शकणारं पर्ल तिथेच आहे.

म्हणून ज्यांच्या हातात अशी मशीनं आहेत त्यांना माझी विनंती, पर्ल मायनस कॅपिटल व्ही ही कमांड आजच चालवा. कंपायलर, फ्लॅग, लायब्ऱ्या, ३२ बिट की ६४, कुठल्या तारखेला बनलं, सगळं एका पानावर येतं, ते पान छापून पण ठेवा. त्याच्याबरोबर सोर्सचा टारबॉल (सगळ्या फाईलींचं एक गाठोडं), मॉड्यूलचे टारबॉल व्हर्जनसकट, लावलेले पॅच, टेस्टचं आउटपुट, आणि कॉन्फिगर जी पॉलिसी फाईल बनवून देतं ती, म्हणजे पुढच्या वेळी तुमची उत्तरं परत वापरता येतात. हे त्या माणसाच्या होम डिरेक्टरीत ठेवू नका, तो गेला की अकाउंट डिलीट होतं. आणि मॅनेजर लोकांना विनंती की टेस्टच्या मशीनवर नव्या माणसाला एकदा तरी सगळं पहिल्यापासून बिल्ड करायला वेळ द्या, जुना माणूस नोकरीत असतानाच, शेजारी बसवून.

आपल्या पुरवणीत लिनक्स आणि पायथनवर नेहमी येतं, तसं या मशीनवर काम केलेल्यांकडून एखादा लेख लिहून घ्यावा, अशी माणसं आपल्या वाचकांत भरपूर आहेत आणि विचारलं तर आनंदाने लिहितील.

आपला,
एक नियमित वाचक, निवृत्त युनिक्स ॲडमिन