बंद पडलेली लेसर ट्यूब भंगारात देऊ नका

ॲक्रिलिकच्या पाट्या आणि लाकडी नक्षी कापणाऱ्या यंत्रांतला कार्बन डायऑक्साइड लेसर शोधला चंद्रकुमार पटेल यांनी. जन्म १९३८, बारामती. अभियांत्रिकीची पदवी पुण्याची. स्टॅनफर्डला पीएच.डी. करून ते १९६१ साली बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधनसंस्थेत गेले आणि १९६४ मध्ये या लेसरवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या कामावर तालुक्यातल्या शाळांसाठी आमचे मंडळ फिरते प्रदर्शन उभारत आहे. त्यासाठी मदत हवी आहे.

नुसत्या कार्बन डायऑक्साइडमधून आधी जेमतेम मिलिवॅट मिळत. नायट्रोजन मिसळला आणि वॅट मिळू लागले, कारण नायट्रोजनचा रेणू कंपनाची ऊर्जा बराच वेळ धरून ठेवतो आणि टक्कर होताच कार्बन डायऑक्साइडला देतो. मग हीलियम आला. तो कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंची खालची ऊर्जापातळी रिकामी करतो, उष्णता नळीच्या भिंतीकडे नेतो. १९६५ मध्ये शंभर वॅटचा टप्पा ओलांडला गेला. हे फळ्यावर समजावता येते, पण लेसर ट्यूबमधल्या एकात एक बसवलेल्या तीन काचेच्या नळ्या (आत विद्युतझोत, मध्ये पाणी, बाहेर वायूचा साठा) मुलांना समोर दिसायला हव्यात.

म्हणून बंद पडलेल्या पाच ट्यूब हव्यात, ४० ते १०० वॅटच्या. सोबत ती का गेली याची चिठ्ठी द्या: पाणी थांबून किंवा बुडबुडा अडकून तडा गेला, की वायू खराब होऊन जांभळट झोत फिकट पांढरा पडला? हे कारणही प्रदर्शनात लावू.

ट्यूबमधले पाणी पूर्ण काढा, तोंडे टेपने बंद करा, फोममध्ये गुंडाळून आडवी ठेवा. आत वायूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे धक्का लागला तर काच फुटून तुकडे उडतात. पॉवर सप्लाय मात्र नको. तो हजारो व्होल्टचा असतो आणि बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार उरतो. यंत्रातली किरण एकवटणारी, झिंक सेलेनाइडची पिवळी भिंगे ओरखडलेली असली तरी चालतील. तडकलेली किंवा जळालेली नकोत, त्यांची भुकटी विषारी असते.

चालू लेसर शाळेत लावणार नाही. १०.६ मायक्रोमीटरचा किरण दिसत नाही आणि डोळ्याच्या पारपटलाला (पुढच्या पारदर्शक पडद्याला) भाजतो.

६ मिलिमीटर ॲक्रिलिकची झाकणे, मांडणीसाठी लाकडी घोडे (स्टँड) आणि वाहतूक यांसाठी रोख देणगीही लागेल, पावती मिळेल. ट्यूब न्यायला कार्यकर्ते दुकानात येतील, फक्त किती लांबीची आहे ते आधी कळवा. १०० वॅटची ट्यूब जवळपास दीड मीटर असते, दुचाकीवर नेता येत नाही.