दादासारखा लॅपटॉप मी का घेत नाहीये

पुणे, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही म्हणालात, "स्वतःचं सीएचं ऑफिस थाटलंयस, तर दादासारखा ॲपलचाच घे. एकदाच काय तो खर्च होऊ दे." मागून आई म्हणत होती, दिवाळीपर्यंत थांब, सेल लागतो. तुम्ही दोघं फोनवर एकदम बोलता, मला कुणालाच धड उत्तर देता येत नाही. म्हणून लिहितेय.

दादाचं मॅकबुक एअर झकास आहे, त्यात वाद नाही. वजन सव्वा किलो, आत पंखाच नाही म्हणून आवाज नाही, एकदा चार्ज केलं की दिवस निघतो. एम-फोर चिपचं साधं मॉडेल ९९,९०० रुपयांना आहे. पण माझं निम्मं काम टॅलीवर चालतं आणि टॅली मॅकवर थेट चालत नाही. आडमार्ग आहेत, पण २० तारखेला संध्याकाळी क्लायंटचं जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरताना आडमार्गाने जायची मला हौस नाही. दुसरी अडचण डिजिटल सहीच्या टोकनची. ते पेनड्राइव्हसारखं दिसतं, ऑडिट रिपोर्टवर माझी सही त्यानेच होते. ते जुन्या रुंद यूएसबीत बसतं आणि एअरला तो पोर्टच नाही. मध्ये जोडणी लावावी लागते, आणि ती जोडणी नेमकी क्लायंटच्या टेबलावर विसरून यायची.

मग विंडोजवालेच राहिले. तिथे वेगळाच गोंधळ. दुकानात गेले की पोरगा पहिलं वाक्य टाकतो, "मॅडम, आय-फाईव्हपेक्षा आय-सेव्हन घ्या." बाबा, हे तुमच्या बँकेसारखं आहे. खेड्यातल्या दोन माणसांच्या शाखेचा साहेबही मॅनेजरच, पण मुख्य शाखेतला असिस्टंट मॅनेजर त्याच्या दसपट काम उपसतो. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात शेवटचं अक्षर बघायचं असतं. यू म्हणजे कमी वीज खाणारा, १५ वॉटचा. एच म्हणजे ४५ वॉटचा, दमदार पण तापणारा. आय-सेव्हन १३५५-यूमध्ये जोरदार कोअर, म्हणजे काम उपसणारे हात, दोनच, तर आय-फाईव्ह १३५००-एचमध्ये चार. आता सांगा, मोठा कोण? हे सांगितल्यावर तो पोरगा गप्प झाला आणि बॅग फुकट देतो म्हणाला.

अर्थात मला तेवढा दमही नको. टॅली, एक्सेल, पोर्टलचे दहा-बारा टॅब, एवढ्याला यू पुरतो. मला जे हवं आहे ते जाहिरातीत कुणी मोठ्या अक्षरात छापत नाही. पहिलं म्हणजे आकड्यांचा वेगळा कीपॅड. चौदा इंची लॅपटॉपला तो सहसा नसतोच. बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवून शेकडो नोंदी मारायच्या तर उजव्या हाताला स्क्रीनकडे न बघता सात-आठ-नऊ सापडले पाहिजेत, आणि पाचच्या बटणावरची ती छोटी रेघ बोटाला लागली पाहिजे. वरच्या ओळीतले आकडे टिपत बसले तर रात्र तिथेच. बाहेरून यूएसबीचा कीपॅड लावता येतो म्हणा, पण मग टोकन, माउस, कीपॅड... लॅपटॉप नव्हे, बैलपोळ्याचा बैल होतो.

म्हणून गाडी थिंकपॅड ई-सिक्स्टीनवर थांबली. सोळा इंची, कीपॅड आहे, रुंद यूएसबी आहे, नेटची वायर थेट लागते. वजन पावणेदोन किलोच्या आसपास, म्हणजे स्कूटरवरून नेताना खांदा बोलणार. त्याचा भाऊ ई-फोर्टीन हलका आणि देखणा, पण कीपॅड नाही, म्हणून बाद. १६ जीबी रॅम घेतेय, आणि ती बोर्डावर चिकटवलेली नाही ना, हे मुद्दाम विचारून घेतलं. उद्या वाढवायची वेळ आली तर नुसती पट्टी बदलता यावी. विंडोजची प्रो आवृत्ती घेतेय. लोकांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं माझ्याकडे असतात. लॅपटॉप चोरीला गेला तरी प्रोमधल्या बिटलॉकरच्या कुलपामुळे आतली डिस्क कुणाला वाचता येऊ नये.

आणि तीन वर्षांची ऑनसाईट वॉरंटी. यासाठी जास्तीचे पैसे मी आनंदाने देतेय. जुन्याचा मदरबोर्ड गेला तेव्हा सर्व्हिस सेंटरवाले रोज "पार्ट आला की फोन करतो" म्हणायचे, आणि मी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रिटर्न भरत बसायचे. आता माणूस ऑफिसात येईल.

आई, सेलचं. यंदा इन्कम टॅक्स रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेलीय आणि ऑडिटची ३० सप्टेंबर आहे. सगळा मारा या दीड महिन्यातच. दिवाळीत स्वस्त मिळालेला लॅपटॉप सप्टेंबरमध्ये काय कामाचा? शिवाय बिल माझ्या जीएसटी नंबरवर घेतलं तर ८० हजारांतले १२ हजारांवर क्रेडिट मिळतं. उरलेल्या किमतीवर घसारा ४० टक्के, म्हणजे तेवढी रक्कम कर मोजताना खर्चात धरता येते. पण वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर निम्माच, आणि दिवाळीत घेतला तर मार्चअखेर तेवढे दिवस भरत नाहीत. (बाबा, उरलेला पुढच्या वर्षांत मिळतोच, हे तुम्ही म्हणणार, म्हणून आधीच लिहिते. खरं कारण ऑडिटच.)

राहिला जुना. तो तुम्हाला हवाय, आणि गणपतीला येताना आणतेच. पण त्याचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, विंडोज ११ त्याला घेत नाही. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबतायत. वर्षभराची मुदतवाढ घेता येते, ती मी करून देईन. तरीही त्यावर कीर्तनं ऐका, नातवंडांचे फोटो बघा. एफडी आणि नेटबँकिंग त्यावर नको. आणि बाबा, डाव्या बाजूची बिजागरी सैल आहे, झाकण दोन्ही हातांनी उघडा.

आईची गुडघ्याची गोळी बदलली का, ते कळवा.

तुमची,
ताई