गॅस भरण्याआधी पंखा पाहा

मा. संपादक,

‘एसी लावला की गाडी ओढत नाही, उभी असताना थरथरते, कधी बंदच पडते’ ही तक्रार ऐकली की बहुतेक ठिकाणी पहिला इलाज होतो तो गॅस भरण्याचा. हा इलाज उलटा आहे. गॅस कमी झाला तर थंडावा जातो, पण कंप्रेसरवरचा, म्हणजे इंजिनाच्या जोरावर गॅस दाबणाऱ्या पंपावरचा, भार सहसा कमीच होतो. गॅस जास्त झाला की मात्र दाब चढतो आणि इंजिन दमते.

छोट्या गाडीचा कंप्रेसरही दोन-चार अश्वशक्ती सहज खातो. चढावर तेवढा फरक जाणवणारच; तो बिघाड नव्हे. शोधायचे ते एवढेच, की भार वाजवीपेक्षा जास्त आहे की वाजवी भारही इंजिनाला पेलत नाही. क्लच (कंप्रेसरला इंजिनाच्या पट्ट्याशी जोडणारा-सोडणारा विद्युत भाग) असलेल्या कंप्रेसरवर हे लगेच कळते. गरम झालेले इंजिन बंद करून क्लचचा कनेक्टर काढावा, पुन्हा सुरू करून एसीचे बटण दाबावे. बऱ्याच गाड्यांत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, भार येणार म्हणून आरपीएम थोडे वाढवतो. ते वाढले आणि कनेक्टर जोडल्यावरच इंजिन बसू लागले, तर आधी एसीची बाजू तपासावी. वाढलेच नाहीत, तर थ्रॉटल बॉडीवरची (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणाऱ्या भागावरची) काजळी, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा किमान वेग) सांभाळणारा व्हॉल्व्ह किंवा ईसीयूपर्यंत न पोहोचणारा एसीचा सिग्नल पाहावा. थ्रॉटल साफ करताना इलेक्ट्रॉनिक झडप बोटाने ढकलू नये. साफसफाईनंतर बऱ्याच गाड्यांत ईसीयूला आयडल स्कॅनरवरून पुन्हा शिकवावा लागतो. हे राहिले तर गाडी आधीपेक्षा वाईट चालते आणि दोष एसीवर जातो.

एसीच्या बाजूला सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे कंडेन्सरचा, म्हणजे रेडिएटरसमोर बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा, पंखा. उभ्या गाडीत थंडावा कमी, तापमानाचा काटा वर, आणि वेग घेताच सगळे ठीक, असे असेल तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि कमी-जास्त वेग देणारा रेझिस्टर तपासावा. पंखा फिरतो म्हणजे झाले असे नाही. मोटर थकली की तो फिरतो, पण हवा ओढत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेला कचरा तर समोरून दिसतही नाही. पंख्याच्या मोटरवर पाणी जाऊ न देता चालत्या एसीत कंडेन्सरवर पाणी फवारावे. लगेच थंडावा वाढला आणि इंजिन हलके झाले, तर बहुधा कंडेन्सरमधून पुरेशी उष्णता बाहेर पडत नव्हती.

त्यानंतर गॅसचा दाब मोजणारे गेज. आर-134ए गॅसच्या गाडीत बाहेर 30-35 अंश असताना कमी दाबाची बाजू साधारण 30 ते 45 आणि जास्त दाबाची 200 ते 250 पीएसआय असते. 300 च्या वर गेली आणि पंखा-कंडेन्सर ठीक असेल, तर बहुधा गॅस जास्त आहे किंवा आत हवा शिरली आहे. इंजिन बंद असतानाच्या दाबावरून गॅस किती हे ठरवणे निव्वळ अंदाजपंचे. आत द्रवरूप गॅस शिल्लक आहे तोवर 30 अंशांना हा दाब 95 पीएसआयच्या आसपासच राहतो, मग गॅस 200 ग्रॅम असो की 500.

दाब ठीक असूनही इंजिन दबत असेल, तर कंप्रेसरच जड झालेला असू शकतो. इंजिन बंद ठेवून त्याची पुढची तबकडी हाताने फिरवावी; अडखळली, खरखरली तर गॅस बदलून उपयोग नाही. क्लच नसलेल्या कंप्रेसरमध्ये क्षमता कमी-जास्त करणारा कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण क्षमतेवर अडकला, तरी भार उतरत नाही.

गॅस भरायचाच, तर आधीचा यंत्राने काढून घ्यावा, किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून तो टिकतो का पाहावे आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतकाच भरावा. गॅरेजांनी बिलावर ‘एसी गॅस’ एवढेच न लिहिता किती ग्रॅम काढला आणि किती भरला हे लिहावे, आणि ग्राहकांनीही ते मागून घ्यावे.

– वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक