ईएलसीबी बायपास करणे थांबवावे : सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, शामरावनगर, सांगली

विषय : घराघरांतले बायपास केलेले ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारे स्विच) पुन्हा जोडून घेणे व मीटर रूममधले अर्थिंग तपासणे

महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या नानकटाईसाठी पावसाळाभर बंद असलेला ओव्हन काढला आणि प्लग लावताच अख्ख्या घरातली लाइट गेली. ईएलसीबी वर केला की पुन्हा खाली. सोसायटीच्या वायरमनला बोलावलं. त्यानं बोर्डाकडे नजर टाकली आणि "ईएलसीबी खराब झालाय, बायपास करून देतो, परत त्रास नाही" असं सांगितलं. आपल्या विंगमध्ये काही घरांत तसं करून दिलंय, हेही त्यानंच सांगितलं. मी हात लावू दिला नाही. पत्र लिहायचं कारण ती बाकीची घरं आहेत.

नंतर परवानाधारक इलेक्ट्रिशियन आणला. किचनचा एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) पाडून ठेवला तरी ईएलसीबी पडत होता, त्यामुळे ओव्हनवर कुणाचा संशय गेला नसता. पण आपल्या घरांतले एमसीबी सिंगल पोल आहेत. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गळती न्यूट्रलकडूनही होते. ओव्हनचा प्लग सॉकेटमधून ओढून काढल्यावर ईएलसीबी टिकला. मग इन्सुलेशन मोजणारा मेगर लावला. वरची कॉइल ठीक, खालच्या कॉइलचं इन्सुलेशन पार गेलेलं. कॉइलच्या नळीत पांढरी पूड भरलेली असते, ती दमट हवेत ओल धरते. म्हणजे ईएलसीबी खराब नव्हता, तो त्याचं काम करत होता.

नोटीस बोर्डावर 'ओव्हन-इंडक्शनमुळे लोड वाढतो, वापर टाळावा' अशी सूचना लागली आहे. माझा ओव्हन १५०० वॉटचा, तो साडेसहा अँपिअर घेतो. १६ अँपिअरच्या पॉइंटला एवढा लोड जड नाही. लोड वाढला तर एमसीबी पडतो. ईएलसीबी पडतो तो करंट भलत्या वाटेनं गळतोय म्हणून, तेही ३० मिलिअँपिअरच्या आतच, माणसाच्या जिवावर बेतण्याआधी. ती सूचना कृपया काढावी.

खरी काळजी मीटर रूमची आहे. अर्थिंगची पट्टी जिथं बोल्टनं जोडली आहे, तिथं नखानं खरवडलं तरी गंजाचे पापुद्रे हातात येतात. २०१९ च्या पुरात ही खोली पाण्यात होती. नंतर मीटर बदलले, अर्थिंगकडे कुणी पाहिलेलं दिसत नाही. त्यात आपली जमीन काळी. उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगच्या पिटमध्ये, म्हणजे खड्ड्यात, पाणी पडलं नाही तर अर्थिंग आणखी कमजोर होतं.

समजा, अर्थिंगचा रेझिस्टन्स २० ओहमवर गेला आणि ओव्हनच्या किंवा गिझरच्या बॉडीत फेज उतरला. २३० व्होल्टला जेमतेम साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ चा एमसीबी त्यावर पडणार नाही आणि बॉडीतला करंट तसाच राहील. तिथं वीज तोडणारा एकटा ईएलसीबीच असतो, आणि आपण नेमका तोच काढून टाकतोय. दुपारी घरोघरी लहान मुलं आणि वयस्कर माणसंच असतात, साहेब. ओल्या हातानं फ्रिज उघडणारं कोण असेल, ते आपण ठरवू शकत नाही.

टेस्टचं बटण दाबल्यावर ईएलसीबी पडला की सगळं ठीक, असं वायरमन सांगतो. ते अर्धंच खरं आहे. अर्थिंग तुटलेलं असलं तरी बटणानं तो पडतोच. अर्थिंग अर्थ टेस्टरनंच मोजावं लागतं.

घरातलं वायरिंग आणि उपकरणं ज्याची त्यानं बघायची, माझ्या कॉइलचा खर्च मी केला आहे. मीटर रूम आणि पिट मात्र सोसायटीचे आहेत. परवानाधारक माणसाकडून पिट मोजून घ्यावेत, गंजलेले जोड बदलावेत आणि आलेला आकडा तारखेसह मीटर रूमच्या दारावर लिहावा. खर्च दुरुस्ती निधीतून करण्यास माझी संमती आहे. वायरमनलाही यापुढे बायपास न करण्याबद्दल लेखी कळवावं.

अर्थिंगचा विषय येत्या मासिक सभेत घ्यावा, मी मेगरची रीडिंग घेऊन येईन. बायपास केलेले ईएलसीबी जोडण्याचं काम मात्र सभेसाठी थांबवू नये, ते याच आठवड्यात व्हावं.

कळावे,
आपली विश्वासू,
एक सभासद, बी विंग