कलेचे गुण दहावीत मागून मिळत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की कलेच्या वाढीव गुणांची चर्चा सुरू होते. तोवर गाडी सुटलेली असते. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेत अ श्रेणी मिळाली तर ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ गुण, हे बहुतेक पालकांना नववी संपता संपता कळतं. शास्त्रीय गायन, वादन किंवा नृत्याचे गुण हवे असतील तर किमान तीन परीक्षा उत्तीर्ण असाव्या लागतात, हे तर दहावीचा अर्ज भरताना. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या क्रमानं पाहिलं तर या तीन म्हणजे प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि प्रवेशिका पूर्ण. वर्षाला एक धरली तर सातवीतच नाव घालायला हवं. आमचं म्हणणं एवढंच, की विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या हायस्कुलांत चित्रकला, संगीत आणि नाटक हे तिन्ही विषय नीट शिकवता येतात, पूर्णवेळ कलाशिक्षक नसला तरी बरेचसे येतात. फक्त सुरुवात सातवी-आठवीत हवी आणि वेळापत्रक इथल्या शेतीचं पाहून हवं.

शिक्षक का नाही, याचं एक उत्तर कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे सहावी ते आठवीत १०० हून जास्त मुलं असतील तिथंच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणाचे अंशकालीन निदेशक मिळतात. आडगावच्या शाळेत या तीन वर्गांची मिळून हजेरी तेवढी भरत नाही. मग कलेची तासिका गणिताच्या जादा तासाला जाते, आणि नववी-दहावीच्या ‘स्व-विकास व कलारसास्वाद’ची श्रेणी तोंड पाहून भरली जाते. पदं भरा ही मागणी आमचीही आहे. पण ती मान्य होईस्तोवर आज सातवीत असलेली मुलं बारावी होऊन जातील.

आधी वेळेचा हिशेब. उन्हामुळे आपल्याकडची शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडते, बाकी महाराष्ट्राची मध्यावरच. रेखाकला परीक्षा सहसा पावसाळ्याच्या शेवटी. हातात जेमतेम तीन महिने, त्यात झाडीपट्टीकडे (पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात) रोवणी, कापसाच्या पट्ट्यात निंदण, नंतर पोळा, गणपती, महालक्ष्म्या. दिवाळीनंतर वेचणी लागली की मुली आधी गैरहजर दिसतात. म्हणून चित्रकलेचा जोर जुलै ते सप्टेंबर, नाटक सप्टेंबरपासून हळूहळू, आणि संगीत वर्षभर थोडं थोडं. ३५ मिनिटांच्या तासिकेत चित्र होत नाही. कागद लावून पाणी आणेस्तोवर दहा मिनिटं जातात. शनिवारी सकाळच्या शाळेत दोन तासिका जोडून द्या. मुख्याध्यापकांच्या हातातली गोष्ट आहे, त्याला वरून परवानगी लागत नाही.

एलिमेंटरी ही रेखाकलेची पहिली परीक्षा, तिला चार पेपर: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि कर्तव्यभूमिती व अक्षरलेखन. इंटरमिजिएटला वस्तुचित्राच्या जागी स्थिरचित्र येतं आणि भूमितीत घनभूमितीची भर पडते. यातला भूमितीचा पेपर गणिताच्या शिक्षकानं घ्यावा, त्यात रंग नाही की कुंचला नाही. मुलं गुण घालवतात ते कंपासचा स्क्रू ढिला असल्यामुळे (वर्तुळ फिरून जागेवर मिळत नाही) आणि रचनेच्या रेषा खोडून टाकल्यामुळे. रचना २एच पेन्सिलनं फिकट काढावी, उत्तराची आकृती गडद करावी, पुसू काहीच नये. अक्षरलेखनात वेगळीच अडचण. मुलं पट्टीनं मोजून प्रत्येक अक्षरामध्ये सारखं अंतर ठेवतात आणि शब्द तरीही विस्कटलेला दिसतो. ट, ठ, ड ही अक्षरं खालून गोल, त्यांच्या बाजूला आपोआप मोकळी जागा राहते; म, प, स यांची उभी रेघ शेजारच्या अक्षराला खेटली की दाटी दिसते. तेव्हा गोल अक्षरं जरा जवळ, उभ्या रेघा जरा लांब. अंतर डोळ्यानं ठरवायचं.

खरी गोम वस्तुचित्रात आहे. समोर गुंड (पाण्याचं मोठं भांडं) आणि गडवा (तांब्या) ठेवला की जवळजवळ प्रत्येक मूल गुंडाचं तोंड लांबट गोल काढतं आणि बूड मात्र पट्टीनं आखल्यासारखं सरळ. गुंड जमिनीवर सपाट बसतो हे मुलाला माहीत असतं, आणि डोळ्याला दिसतं त्यापेक्षा माहीत असलेलं ते काढतं. यावर ओरडून उपयोग नाही. एक बांगडी घ्या. डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा, नुसती रेघ दिसेल. तशीच आडवी ठेवून हळूहळू खाली न्या, गोल उघडत जाईल. म्हणजे नजरेच्या खाली ठेवलेल्या भांड्याचं बूड तोंडापेक्षा जास्त गोल दिसणार, कमी नाही. हे एकदा प्रत्येकाच्या हाती बांगडी देऊन दाखवलं की सरळ बुडाचा रोग बराचसा जातो. दुसरी चूक मापाची. पेन्सिल समोर धरून माप घेताना कोपर वाकलं की प्रत्येक माप वेगळं येतं. हात ताठ, एक डोळा मिटलेला, आणि बसायची जागा शेवटपर्यंत तीच. वर्गाला दोन्हीकडून खिडक्या असतील तर एका बाजूला ताडपत्री लावा, नाहीतर भांड्याच्या दोन सावल्या पडतात आणि छायाप्रकाश काही कळत नाही.

पोस्टर कलरचं पावसाळ्यात फार बिघडतं. हा रंग वाळल्यावरही पाण्यात विरघळतो. दमट हवेत खालचा थर ओला असतानाच मूल दुसरा थर देतं, खालचा उचकटून वर येतो आणि सगळं मातकट होतं. वरच्या थरात पाणी कमी घ्यावं, कुंचला एकदाच फिरवावा, त्याच जागी घासू नये. पहिला थर वाळेपर्यंत कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात काम करावं. रंग फार पातळ झाला तर कागद फुगतो, फार घट्ट झाला तर वाळल्यावर तडकतो; साईच्या दुधाइतका असावा. शाळेनं सामान एकत्र घेतलं तर स्वस्त पडतं. २२ बाय ३० इंचाच्या एका मोठ्या कागदातून परीक्षेच्या मापाचे, म्हणजे साधारण २८ बाय ३८ सेंटिमीटरचे, चार निघतात. ४० मुलांना सरावाचे प्रत्येकी १० म्हटले तर १०० मोठे कागद झाले. रंगांत पांढरा सर्वांत आधी संपतो, त्याची मोठी बाटली वेगळी घ्या.

स्मरणचित्रात माणसं एका ओळीत, हात खिशात किंवा पाठीमागे लपवलेले, पाय सगळ्यांचे एकाच रेषेवर. आपल्या मुलांनी डवरणी, वेचणी, पोळ्याचं तोरण, शंकरपट (बैलांची शर्यत) रोज पाहिलेलं असतं, तरी चित्रात येतो तो गाइडमधला बगीचा. रोज एक मूल दोन मिनिटं वाकून उभं करा, बाकीच्यांनी फक्त काड्यांची आकृती काढायची, खांद्याची आणि कमरेची रेघ कोणत्या बाजूला कलली तेवढंच पाहून. महिन्याभरात फरक दिसतो. संकल्पचित्राचंही तसंच. पळसाला पानं तीनच, पण तीच तीन पानं वर्तुळाच्या सहा भागांत फिरवली तर कोणत्याही गाइडमधल्या कमळापेक्षा उजवी नक्षी होते. एका केंद्रावरून ३० मुलांनी तेच कमळ काढलं की परीक्षकाला कळायला वेळ लागत नाही.

संगीताला आपल्याकडे माणसांची वानवा नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाचा वारसा असलेल्या भागात पेटी-तबला वाजवणारा गावोगाव सापडतो. त्याला आठवड्यातून एकदा शाळेत बोलवा. अडचण येते ती पट्टीची, म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरायचा त्याची. भजनी मंडळ मोठ्या पुरुषांच्या सोयीनं पट्टी धरतं आणि मुलं वरच्या सुरांना किंचाळतात. गाण्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर आधी पेटीवर शोधावा, पाच-सहा मुलांना दोन्ही लावायला सांगावं. वरच्याला मान उचलली गेली, गळ्याच्या शिरा ताणल्या, तर एक-दोन पट्ट्या उतरायचं. खालचा ऐकूच आला नाही तर चढायचं. मध्य सा ते तार सा (मधल्या सा पासून वरच्या सा पर्यंत) फिरणाऱ्या गाण्याला साधारण पेटीवरची पांढरी एक ते पांढरी दोन बसते. मंद्र पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या प पर्यंत) उतरणारं आणि वर मध्य पंचमापाशी थांबणारं असेल तर पांढरी चार. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, त्यांना ‘तू गाऊ नको’ म्हणून बाहेर काढतात आणि तो मुलगा पुन्हा कधी गात नाही. त्याला खालच्या सप्तकात गाऊ द्या किंवा काही महिने खंजिरीवर बसवा.

लय चढणं हा दुसरा ठरलेला दोष. मुलं टाळी जोरात आणि लवकर मारतात, खालीला (टाळी न वाजवता हात उलटायच्या मात्रेला) हात नुसता झटकतात. तेवढी मात्रा आखूड होते आणि गाणं पळायला लागतं. खालीचा हात उलटायला टाळीइतकाच वेळ घ्यायचा, हे केरव्याच्या आठ मात्रांवर आधी पक्कं करा, मग त्रितालाकडे जा. भजनी मंडळाच्या पोरांचं घोडं परीक्षेत इथंच अडतं: गळा तयार, पण हातावर ताल धरून ठाय (मूळ लय) आणि दुगुण (दुप्पट लय) बोलता येत नाही. स्वरलिपी आणि रागाची माहिती यांसाठी तालुक्याच्या संगीत शिक्षकाकडे महिन्यातून एक रविवार काढावा लागेल, ते गावात होत नाही.

शाळेच्या कपाटातली पेटी बहुतेक वेळा मेलेली नसते, कोंडलेली असते. भाता भरून पेटीच्या पुढच्या सगळ्या खुंट्या बंद करा. तो आपोआप भराभर बसला तर हवा गळते आहे, तिथं कातडं-कापड चिकटवणारा कारागीर लागेल. एखादाच सूर मुका असेल तर बहुधा स्वराखाली, म्हणजे आतल्या पितळी पट्टीखाली, धूळ अडकलेली असते. पातळ कागदाची पट्टी एकदा अलगद सरकवली की निघते. ब्लेडनं खरवडू नका: टोकाला खरवडलं तर सूर चढतो, मुळाशी खरवडलं तर उतरतो, आणि मग ती पेटी कुणाशीच जुळत नाही. तबला पावसाळ्यात उतरतो, एप्रिल-मेमध्ये चढतो. सुटीत ठेवताना गट्टे (कडेचे लाकडी ठोकळे) ढिले करून ठेवावेत, नाहीतर उन्हाळ्यात पुडी (वरचं कातडं) फाटते.

नाटकाबद्दल बोलताना मात्र राग येतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीपासून होळीपर्यंत रात्र-रात्र नाटकं चालतात, वडशात (देसाईगंज, जि. गडचिरोली) नाटक कंपन्यांची बाजारपेठ आहे, २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आणि त्याच पट्ट्यातल्या शाळेच्या स्नेहसंमेलनात रेकॉर्ड डान्स! दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं करणारी माणसं गावातच राहतात. त्यांनी मुलांना प्रवेश-निर्गम आणि आवाज शिकवला तरी पुष्कळ आहे.

पंधरा-वीस मिनिटांची, आठ-दहा मुलांची संहिता पुरे. वर्गातले बाक बाजूला सारून २० बाय १५ फुटांचा चौकोन खडूनं आखा, तोच रंगमंच. पहिला आठवडा फक्त वाचन, दुसऱ्यापासून कागद हातात घेऊन उभं राहायचं. संवाद आधी पाठ करून घेऊ नयेत. बसून पाठ केलेल्या संवादाला एक चाल लागते, आणि मूल चालायला लागलं की ती तुटून वाक्य विसरतं. आवाजासाठी एक मुलगा मैदानात ४०-५० फुटांवर उभा करा. वाक्याचा शेवटचा शब्द ऐकू आला तरच त्यानं हात वर करायचा. आपल्या वाक्यात क्रियापद आणि ‘नाही’ शेवटी येतं, आणि मुलं नेमका तिथं श्वास सोडतात. ‘मी जाणार नाही’ हे मागच्या रांगेत ‘मी जाणार’ असं पोचतं आणि नाटकाचा अर्थच उलटतो. माइक असेल तर स्पीकरचे डबे माइकच्या पुढे ठेवा, मागे ठेवले की शिट्टी वाजते. डोक्यावर एकच दिवा लावला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. दोन दिवे पुढून दोन बाजूंनी, तिरपे. आणि मुलांना वऱ्हाडीत, झाडीबोलीत बोलू द्या. पुणेरी बोलायला लावलेलं पोर स्टेजवर सारा वेळ फक्त उच्चार सांभाळत बसतं.

आपल्या दैनिकाकडे एक मागणी आहे. रेखाकला परीक्षेचे अर्ज आणि वाढीव गुणांचे प्रस्ताव शाळेमार्फतच जातात, मुलाला थेट पाठवता येत नाहीत. परिपत्रक तालुक्याहून आडगावी पोचेस्तोवर मुदत संपत आलेली असते. दोन्हींच्या तारखा आणि प्रत्येक तालुक्याचं परीक्षा केंद्र जिल्ह्याच्या पानावर ठळक चौकटीत छापावं. एकदा नाही, मुदतीच्या आधी निदान तीनदा. कारण आमच्याकडे पेपर एसटीनं येतो आणि पुराच्या दिवसांत एसटीच येत नाही.

आपले,
एक चित्रकला शिक्षक व एक संगीत शिक्षक
जि. यवतमाळ