गॅरेजमध्ये अभिवाचन ठेवताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समलिंगी आणि पारलिंगी कवी-लेखकांचे अभिवाचन नाट्यगृहाऐवजी मोटार गॅरेज, खाणावळ किंवा कारखान्याच्या शेडमध्ये ठेवायची कल्पना अनेकांना भावते. लंडनमध्ये २००७ साली सुरू झालेली ‘पोलारी’ ही साहित्यसंध्याही आधी सोहोतल्या एका बारमध्ये भरायची. पण जागेच्या नावीन्याचे कौतुक होते आणि तयारी राहून जाते, म्हणून हे पत्र.

गॅरेजचा मोठा फायदा हा, की तिथे कशाला गेलात असे कोणी विचारत नाही. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे सांगणारा कलम ३७७ बद्दलचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला लागला, तरी घरी सांगू न शकणारे आजही पुष्कळ आहेत. शिवाय जिथे मोटार आत जाते तिथे व्हीलचेअरही जाते.

अडचण आवाजाची. पत्र्याचे छत, सिमेंटची जमीन, कोऱ्या भिंती. शब्द घुमतात, स-श-च एकमेकांत मिसळतात. मग संयोजक आवाज वाढवतात आणि घुमणे आणखी वाढते. आवाज उलट कमी करा. खाली सतरंज्या घाला, मागच्या भिंतीला मंडपवाल्याकडचे जाड पडदे चुण्या पाडून सोडा. ताणून बांधलेल्या पडद्याचा फारसा उपयोग होत नाही. एका मोठ्या स्पीकरपेक्षा दोन लहान बरे. ते माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून हवेत. मागे ठेवले की शिट्टी आलीच. माईक तोंडापासून चार बोटांवर धरावा. पावसाळ्यात पत्र्याखाली कार्यक्रम घेऊच नये.

कॉम्प्रेसर मेन स्विचवरून बंद करा. नाहीतर टाकीतला दाब उतरला की तो आपोआप धडधडायला लागतो, कविता कुठवर आली आहे हे त्याला ठाऊक नसते. थिनर, पेट्रोलचे डबे आणि वेल्डिंगचे सिलिंडर सकाळीच बाहेर काढा, पणत्या-मेणबत्त्या लावू नका. आडोसा म्हणून शटर अर्धे ओढून घेतात, तेही धोक्याचे. शटर पूर्ण वर असू द्या आणि चार-पाच फूट आत पडदा लावा. २० बाय ३० फुटांच्या जागेत ४० माणसे पुरे.

डोक्यावरच्या ट्यूबमुळे वाचणाऱ्याची सावली कागदावर पडते, तेव्हा स्टँडला छोटा दिवा हवा. सहा वाचक, प्रत्येकी ८ मिनिटे. तेवढ्यात साधारण ८०० शब्द सावकाश वाचून होतात. ६ ला सुरू करून ८ ला संपवले तर लांबून आलेल्यांना परतीची गाडी मिळते.

निमंत्रणासाठी व्हॉट्सॲप ग्रुप अजिबात काढू नये, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो निरोप पोचतो, हे आधी सांगून ठेवा. दारावर ओळखपत्र मागू नका. जे नाव सांगतील ते लिहा.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती. अशा कार्यक्रमाचे छायाचित्र छापायचे असल्यास संमती दिलेल्या वाचकाचेच छापावे, श्रोत्यांचे पाठमोरेही नको. केसांवरून, शर्टावरून घरचे माणूस ओळखतात. जागेचा पत्ताही आदल्या दिवशीच्या बातमीत देऊ नये. नोंदणीचा नंबर पुरेसा आहे.

– अभिवाचनाचे कार्यक्रम करणारे काही कार्यकर्ते, पुणे